योशीयाचा करार आणि फुटलेली सुपारी

एका वाचकाचा प्रश्न आलाय: "उपदेशात ऐकलं की योशीया राजाने देवाशी असलेला करार रिन्यू केला. करार म्हणजे ॲग्रीमेंटच ना? मग बायबलाच्या दुसऱ्या भागाला हिंदीवाले 'नया नियम' म्हणतात आणि आपण 'नवा करार', यात बरोबर कोण? आणि करारनामा म्हणावं का करारपत्र?"

आधी ते 'रिन्यू' उचलून बाहेर ठेवा. किती वर्षं ऐकतोय हे. कोणी रिन्यू म्हणतं, कोणी जरा सोवळ्यात असलं की 'कराराचे नूतनीकरण' म्हणतं, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, घरमालक आणि तो एजंट उभा राहतो. जणू योशीयाच्या आज्याच्या काळात मुदत संपली होती आणि नातवाने भाडं वाढवून परत सही ठोकली! योशीयाची गोष्ट जिथे आहे, म्हणजे बायबलातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, २३व्या अध्यायात, तिथल्या मूळ हिब्रूत 'नवीन करणे' असं क्रियापदच नाहीये. ते मथळे देणाऱ्यांनी वरून घातलंय. तिथे क्रियापद आहे 'कारात'. म्हणजे कापणे.

राजाने करार कापला. अक्षरशः. हिब्रूत करार सहसा करत नाहीत, कापतात. अब्राहामाच्या गोष्टीत (तेव्हा तो अब्रामच होता) कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून अर्धे अर्धे समोरासमोर मांडलेत, फक्त पाखरं तेवढी कापली नाहीत, आणि अंधार पडल्यावर धुराची भट्टी आणि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. यिर्मया तर योशीयाच्याच काळातला संदेष्टा, त्याच्याकडे पुढे सिद्कीया राजाच्या वेळच्या एका कराराची गोष्ट येते, तिथे लोक वासराच्या दोन तुकड्यांमधून चालून गेलेत आणि नंतर शब्द फिरवलाय. अर्थ उघड आहे, मी शब्द मोडला तर माझंही या वासरासारखं होवो.

आता मला जे सांगायचंय ते हे, की मराठी माणसाला यात काही परकं वाटायचं कारण नाही कारण आपण लग्न ठरवताना काय करतो? सुपारी फोडतो. 'सुपारी फुटली' म्हणजे बोलणी पक्की झाली, आता मागे फिरणं नाही. अख्खी वस्तू दोन्हीकडच्या माणसांदेखत फोडली की शब्द पक्का, कारण फुटलेली सुपारी परत सांधता येत नाही. मोडायची वेळ आली तर काडीमोड, तिथेही काहीतरी मोडावंच लागतं. 'कारात बेरीत'चं (बेरीत म्हणजे करार) मराठी मला करायला सांगितलं असतं तर मी बेधडक लिहिलं असतं की राजाने परमेश्वरासमोर सुपारी फोडली. हसू नका. सुपारी म्हटलं की गँगवाला आठवतो हा मुंबईच्या अंडरवर्ल्डचा दोष, सुपारीचा नाही, आणि तिथेही अर्थ ठरलेल्या कामाचाच आहे बघा. दोन्ही भाषा एकमेकींकडून शिकल्या असं मी म्हणत नाहीये, माणूस सगळीकडे सारखाच संशयी, नुसत्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही, काहीतरी तुटलेलं दिसावं लागतं, एवढंच.

यावर एक व्हॉट्सॲपी विद्वान दर सहा महिन्यांनी उगवतो आणि सांगतो की हिब्रू 'कारात' वरूनच 'करार' आला, ऐका ना, सारखंच वाजतं! वाजतं तर चमचाही. कारातमध्ये काफ, रेश, ताव ही अक्षरं. करार अरबी, त्याची मुळाक्षरं काफ-रे-रे, आणि तो काफ गळ्यातून येणारा, वेगळा. देवनागरीत दोन्ही 'क' च लिहितो म्हणून सोयरीक जमत नाही. याच न्यायाने 'कातर' पण हिब्रूतून आणा मग.

अरबी करार म्हणजे स्थिरावणं, एका जागी टिकणं. त्याच घरातले इकरार, मुक्रर, बरकरार, आणि सिनेमातला प्रत्येक हिरो असतो तो बेकरार, म्हणजे ज्याचं चित्त जागेवर नाही. पेशवाईच्या कागदांतले करारमदार हेच. माणूस करारी असतो तो पण इथलाच, जो हलत नाही तो करारी. याला संस्कृत 'कराल'शी जोडणारे काही शुद्धीप्रेमी आहेत, त्यांना विचारा की करारी बाईचे दात बाहेर आलेले असतात का. आणि गंमत म्हणजे हिब्रूत कराराचा खरा नातेवाईक आहेच, फक्त तो कारात नव्हे. अरबीत याच मुळाला गारव्याचा पण अर्थ आहे, 'कुर्रतुलऐन' म्हणजे डोळ्यांचा थंडावा. आणि आज इस्राएलमध्ये थंडी वाजली की म्हणतात 'कर ली', त्यातला 'कर' याच मुळाचा.

बरं, योशीया. आठ वर्षांचा असताना यहूदाच्या, म्हणजे जेरुसलेमच्या राज्याच्या गादीवर बसला, कारण बाप आमोन दोनच वर्षांत स्वतःच्या चाकरांच्या हातून मेला होता. त्याआधी आजा मनश्शे ५५ वर्षं राजा, आणि त्याने मंदिरातच परक्या देवांच्या वेद्या बांधलेल्या. योशीयाच्या १८व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या आसपास, मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, शाफान चिटणीसाने तो राजाला वाचून दाखवला, आणि राजाने अंगावरचे कपडे फाडले. मग हुल्दा नावाच्या संदेष्टीकडे माणसं पाठवली. यिर्मया हयात असताना बाईकडे पाठवली हे लोक सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. त्यानंतर सगळ्यांना, लहानथोर, मंदिरात गोळा करून तो ग्रंथ वाचला आणि करार कापला. अशेरा देवीची मूर्ती जाळली, सूर्याला वाहिलेले घोडे काढले, बेथेलची वेदी फोडली. हिन्नोमच्या दरीत मुलांना अग्नीत होम करायचे ते ठिकाण त्याने विटाळून टाकलं. त्याच दरीचं हिब्रू नाव गे-हिन्नोम, ते फिरत फिरत आपल्याकडे 'जहन्नम' होऊन आलं. जहन्नममध्ये जा म्हणता ना, तर पत्ता जेरुसलेमचा आहे.

पण मला ज्या वाक्यासाठी हे लिहावंसं वाटलं ते वेगळंच. राजा खांबाजवळ उभा राहिला, करार कापला, आणि मग 'वय्यामोद कोल हाआम बाब्बेरीत', सगळे लोक करारात उभे राहिले. करारा'त' उभे! खांब म्हणजे हिब्रूत 'अम्मूद', तो पण उभं राहण्याच्याच धातूवरून. म्हणजे राजा उभा, खांब उभा, लोक उभे. आणि आपल्या भाषांतरात नेमका शब्द कोणता बसला, तर जागेवर टिकण्याच्या मुळाचा करार. ज्याने पहिल्यांदा हा शब्द योजला त्याच्या कानात हे वाक्य घुमत असणार असं माझं मत आहे. पुरावा शून्य, मत पक्कं. बायबलातल्याच 'इतिहास' नावाच्या पुस्तकात (ते पण दुसरं) हीच गोष्ट परत आलीय, तिथे क्रियापद प्रयोजक आहे, राजाने लोकांना उभं 'केलं'. एका स्वराचा फरक आणि सगळं राजकारण बदललं की नाही?

आता नियम की करार. नियम वरून येतो, त्यात तुम्ही उभे राहिलात काय नि बसलात काय, म्हणून हिंदीवाल्यांचा शब्द मला अर्धाच वाटतो. गंमत म्हणजे त्यांच्याच बायबलात कराराच्या कोशाला, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीला, 'वाचा का सन्दूक' म्हटलंय, वाचा म्हणजे दिलेला शब्द, किती छान, तो टाकून पुस्तकाच्या नावाला नियम कशाला? इंग्रजांची तर कमालच. ग्रीक भाषांतरकारांनी बेरीतसाठी 'दियाथेके' घेतला, त्याचा रोजचा अर्थ मृत्युपत्र, त्याचं लॅटिनमध्ये टेस्टामेंटुम झालं, आणि आज सगळं जग त्याला टेस्टामेंट म्हणतं. फादर स्टीफन्सने गोव्यात, राचोलला १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराण या मराठी काव्यात ही भानगडच ठेवली नाही, जुन्याचं पैलें पुराण, नव्याचं दुसरें पुराण. आणि करार म्हणजे काँट्रॅक्ट म्हणाल तर काँट्रॅक्टला आपल्याकडे कंत्राट आहे की धडधडीत, ते पोर्तुगीजातून आलं का इंग्रजीतून यावर भांडा हवं तर. रस्त्याचं कंत्राट असतं. देवाशी कंत्राट घेतलं म्हणून बघा, तुमचं तुम्हालाच कसंतरी होईल.

एक राहिलं. योशीयाबद्दल पुढे म्हटलंय की पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने आणि पूर्ण बळाने परमेश्वराकडे वळणारा असा राजा झाला नाही. मन, जीव आणि बळ हे तिन्ही एकत्र 'शेमा'त, म्हणजे ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत येतात, बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, आणि सापडलेला ग्रंथ अनुवादच किंवा त्याचा गाभा होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. आता कोकणातले बेने इस्राएल आठवा, आपले मराठी बोलणारे ज्यू, शनवार तेली. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, धर्मग्रंथ समुद्रात गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या जे उरलं त्यात शनिवार, सुंता आणि शेमा. योशीयाकडे मंदिर होतं आणि ग्रंथ हरवला होता, यांच्याकडे दोन्ही नव्हतं, तरी तीच ओळ तोंडात. सुंतेला हिब्रूत काय म्हणतात माहितीये? बेरीत मिला. पुन्हा बेरीत, आणि पुन्हा कापणंच.

हां, करारनामा का करारपत्र. नामा फारसी म्हणून कराराशी शोभतो, पत्र संस्कृत आहे पण आता रुळलंय. दोन्ही चालतात, स्टँपपेपर तेवढा बरोबर रकमेचा घ्या.