लेक मिशिगनवर सॅल्मनसाठी ट्रोलिंग करताना आमिष किती खोल सोडावे?

मुंबईच्या समुद्रात सुरमईसाठी ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासेमारी) केलेल्या आपल्याला ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लेक मिशिगन या सरोवरावर सॅल्मनसाठी आमिष किती खोल सोडावे, हा प्रश्न पडला आहे. खोलीचा ठरावीक आकडा सांगता येत नाही, कारण उन्हाळ्यात वरचे कोमट आणि खालचे थंड पाणी यांच्यामध्ये तापमान झपाट्याने उतरणारा थर तयार होतो, सॅल्मन साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसच्या पाण्याच्या शोधात त्याच्या आसपास वावरतो आणि जोराचा वारा सुटला की तो थर वर-खाली सरकतो. म्हणून आधी तापमान मोजावे.

हव्या त्या खोलीवर आमिष नेण्यासाठी तेथे डाउनरिगर वापरतात, म्हणजे चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडून त्याच्या चिमट्यात गळाची दोरी अडकवतात. ताणामुळे काठी वाकलेलीच असते. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, काठी क्षणभर ताठ होते आणि पुन्हा झुकते. त्या क्षणी सैल पडलेली दोरी चटकन गुंडाळावी. नवखा माणूस नेमका तेव्हाच पाहत राहतो.

बोटीचा वेग ताशी ३ ते ५ किलोमीटर पुरे. सुरमईसाठी ठेवतात तो वेग येथे ठेवल्यास स्पून (चमच्यासारखे धातूचे आमिष) डुलण्याऐवजी नुसता गरगरतो.