ऑस्टिओपॅथी म्हणजे नेमकं काय? कंबरदुखीसाठी जावं का?

तुम्ही लिहिलंय की यूकेत आल्यापासून कंबर धरलीये, जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फिजिओच्या वेटिंग लिस्टवर टाकलंय आणि ऑफिसमधल्या कुणीतरी ऑस्टिओपॅथकडे जा म्हणून सुचवलंय. मी इथे इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे आणि कंबरेसाठीच जाऊन आलोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

थोडक्यात म्हणजे हाताने करायची ट्रीटमेंट. सांधे, स्नायू, मणका हाताने तपासायचे, दाबायचे, ताणायचे, हलवायचे. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही. ऐकल्यावर आपल्या डोळ्यासमोर लगेच गावचा हाडवैद्य येतो, पण इथला ऑस्टिओपॅथ चार-पाच वर्षांची डिग्री करून आलेला असतो आणि मोडलेलं हाड बसवणं हे त्याचं कामच नाही.

सुरुवात अमेरिकेतली. अँड्र्यू टेलर स्टिल म्हणून एक डॉक्टर होता, त्याची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली, त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला आणि १८७४ मध्ये त्याने ही पद्धत मांडली. शरीराची रचना आणि रक्तपुरवठा नीट असेल तर शरीर आपलं आपण बरं होतं असं त्याचं म्हणणं. त्यातलं बरंच काही आजच्या विज्ञानात टिकलेलं नाही, पण कंबरेवर हाताने काम करण्याचा भाग टिकला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नेटवर वाचताना हमखास गोंधळ होतो. अमेरिकेतले डीओ, म्हणजे तिथली ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले, हे पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहून देतात, ऑपरेशन करतात. यूकेतले ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतात. आणि आपल्याकडे भारतात पाटीवर डीओ दिसलं तर ते बहुतेक डोळ्यांचे डॉक्टर. यूकेत १९९३ च्या कायद्याने जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव असल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेणं हा गुन्हा आहे, रजिस्टर ऑनलाइन आहे, बुक करायच्या आधी नाव टाकून बघाच.

जीपीची चिठ्ठी लागत नाही, पण एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, हे क्वचितच मिळतं, खिशातून पैसे जातात. ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स असेल तर त्यात बसतंय का ते आधी विचारा.

पहिल्या वेळी पाऊण तास ते एक तास धरून चला. त्यातला बराच वेळ प्रश्नांत जातो. कधीपासून दुखतंय, रात्री दुखून जाग येते का, पायात मुंग्या येतात का, वजन उतरलंय का, लघवी-संडासचा काही त्रास, कुठली औषधं चालू आहेत. हे न विचारता कुणी थेट टेबलावर झोपवलं तर सरळ उठून या. मग उभं करून वाकवून बघतात, त्यासाठी वरचे कपडे काढावे लागतात, आपल्या लोकांना अवघडल्यासारखं होतं, तर शॉर्ट्स घेऊन जा. सोबत कुणाला आत घेऊन बसलात तरी चालतं.

मग टेबलावर आधी मसाजसारखं स्नायूंवर काम, मग सांधे हळूहळू फिरवणं. माझ्या वेळी शेवटी कुशीवर वळवलं, वरचा पाय गुडघ्यात दुमडला, खांदा एका बाजूला आणि कंबर दुसऱ्या बाजूला धरली, श्वास सोडायला सांगितला आणि सोडतानाच एक छोटासा झटका, कट्‌ करून आवाज आला. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्याचा असतो, सरकलेला मणका जागेवर बसल्याचा नव्हे. झटका नको असेल तर नको म्हणा, त्याशिवायही ट्रीटमेंट होते. मानेचा झटका मी स्वतः कधी घेणार नाही, मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक होण्याचा धोका फार दुर्मिळ असला तरी आहे. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, ते नॉर्मल आहे.

फायदा होतो का? साध्या कंबरदुखीत काही जणांना होतो, मलाही झाला, पण नाइस या उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या इथल्या संस्थेच्या गाइडलाइनमध्येही हाताची ट्रीटमेंट व्यायामाच्या जोडीनेच करा असं आहे. म्हणजे घरी दिलेले व्यायाम केले नाहीत तर पैसे वाया. दमा, पाळीच्या तक्रारी, तान्ह्या बाळाचं रडणं असलं सगळं बरं करतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, त्याला ठोस पुरावा नाही.

हाडं ठिसूळ असतील, कॅन्सर झालेला असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी जीपीला विचारा. आणि लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली तर कुणाचीही अपॉइंटमेंट न घेता तडक ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग, गाठा, तिथे तास-तास महत्त्वाचे असतात.

तीन-चार वेळा जाऊनही फरक नसेल तर तिथेच थांबा आणि जीपीकडे परत जा, दहा सेशनचं पॅकेज आधीच भरून टाकू नका. फिजिओच्या लिस्टवरचं नावही तोवर काढू नका.