दाराला लटकलेली पाटी

प्रश्न : ताई, आम्हाला श्टुटगार्टला येऊन आठ महिने झाले. नवरा इंजिनिअर, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) आलाय. मी आर्किटेक्ट, नऊ वर्षं नोकरी करून आलेली, आल्यापासून घरी. मुलगा साडेचार वर्षांचा, कितात, म्हणजे इथल्या बालवाडीत, जातो. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी आमच्या पत्रपेटीत दुसऱ्यांदा चिठ्ठी टाकली. पहिली कचऱ्याबद्दल होती, ही जिना झाडण्याबद्दल. दोन्ही मी फोनवर भाषांतर करून वाचल्या आणि रडले. त्यात मुलगा कितात पाच महिन्यांत एक अक्षर बोललेला नाही. घरी मात्र मराठीत त्याचं तोंड बंद नसतं. तिथल्या शिक्षिका म्हणतात, वाट बघा. एक मैत्रीण म्हणते, घरीसुद्धा जर्मनच बोला. नवरा म्हणतो, 'तू कशाला टेन्शन घेतेस, आराम कर.' रोज वाटतं, परत जावं. आमचं कुठे चुकतंय?

उत्तर : आधी त्या चिठ्ठीचं बघू, कारण रडू तिथे आलंय.

मी श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगनला राहायला आले 2003 साली. तिसऱ्या आठवड्यात दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. कडेनं रंगवलेली फुलं, मध्ये वळणदार अक्षरांत 'केअरवोखं'. मला वाटलं, शेजाऱ्यांनी नव्या बिऱ्हाडाला भेट दिली. काय गोड माणसं! मी ती आत आणली आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला टांगली. आता तुला ठाऊक झालंच असेल, ती पाटी म्हणजे झाडण्याची पाळी. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्यात जिना त्याचा. काम झालं की पाटी पुढच्या दाराला. माझ्या खिळ्यावर पाटी अडकली आणि पाळी पुढे सरकेचना. तीन आठवडे त्या जिन्याला कोणी झाडू लावला नाही. शेवटी खालचे आजोबा वर आले. माझ्या खांद्यावरून त्यांनी आत पाहिलं, पाटी दिसली, आणि एक शब्द न बोलता त्यांनी हातातला झाडू माझ्या हातात दिला. त्या दिवशी मीही रडले होते. आज ही गोष्ट मी जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगते.

हे श्वाबियाचं, म्हणजे आपल्या या भागाचं, खूळ आहे, जर्मनीत सगळीकडे नाही. श्टुटगार्टात तर ते शहराच्या नियमातच होतं. 1988 साली महापालिकेनं नियम काढून टाकला, पण पाळी गेली नाही, ती भाडेकरारात जाऊन बसली. तुमच्या कराराला जोडलेली हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली, काढ आणि बघ. छोटी केअरवोखं म्हणजे आपल्या मजल्याचा जिना आणि मोकळी जागा. मोठी म्हणजे मुख्य दार, तळघराची वाट, बाहेरचा फूटपाथ, आणि हिवाळ्यात बर्फ. माझा अनुभव विचारशील तर नुसतं पुसून चालत नाही, पुसताना दिसावं लागतं. शनिवारी सकाळी आजी ब्रेड आणायला निघतात त्या सुमारास बादली घेऊन जिन्यात उभी राहा. ओली पायरी बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही भाषांतरात मिळणार नाही.

आणि एक गोष्ट लक्षात घे. त्यांनी चिठ्ठी तुला लिहिली. घरमालकाला किंवा देखरेख करणाऱ्या कंपनीला पत्र टाकणं त्यांना जास्त सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. फोनचं भाषांतर जर्मन चिठ्ठीचा हुकूमनामा करून टाकतं. चिठ्ठीच्या शेवटी 'मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन', म्हणजे 'स्नेहपूर्वक नमस्कार', आहे का बघ. रीतीचंच असेल ते, पण भांडायला निघालेलं माणूस इतकं लिहीत बसत नाही. उद्या बेल वाजव. केक नको, स्पष्टीकरणही नको. मोडक्या जर्मनमध्ये एवढंच विचार, 'मला दाखवाल का कसं करतात?' तळघर दाखवता दाखवता त्या तुला कचऱ्याचंही सगळं सांगतील : पिवळ्या डब्यात फक्त वेष्टनं, तेलकट झालेला पिझ्झाचा खोका कागदाच्या डब्यात नाही, काचेची निळी बाटली हिरव्या काचेच्या डब्यात. मला यातलं प्रत्येक कोणीतरी ओरडल्यावर कळलं.

आता मुलगा. माझी लेक कितात सात महिने गप्प होती. खुंटीवर तिच्या नावाला साळिंदराचं चित्र होतं. सकाळी त्या चित्राखालच्या बाकावर बसून ती बूट काढायची आणि संध्याकाळी तिथेच घालायची. मधल्या वेळेत तोंडातून काही नाही. मग एका रविवारी ती घरात पाच बाहुल्या भिंतीशी रांगेत बसवून त्यांना दम देताना सापडली : 'हेंडं वाशन! आले!' हात धुवा, सगळ्यांनी! शिक्षिकेचाच सूर, शिक्षिकेचंच कमरेवर हात ठेवणं. म्हणजे सात महिने ती ऐकत होती, साठवत होती. घरात दुसरी भाषा असलेल्या पुष्कळ मुलांचं असंच होतं.

तुझा मुलगा घरी मराठीत अखंड बोलतो, ही तुझी सगळ्यात मोठी जमेची बाजू. त्याला वाक्य करता येतं, गोष्ट सांगता येते, हट्ट करता येतो. फक्त दुसऱ्या भाषेतले शब्द यायचे आहेत. म्हणून मैत्रिणीचं ऐकू नकोस. तुझं आठ महिन्यांचं जर्मन त्याला काय देणार? चुकीचे डेर-डी-डास (नामांची लिंगं), आणि जी आई मराठीत रागावते, हसते, थट्टा करते, तिच्या जागी एक अडखळणारी बाई. शिक्षिकेला 'बोलला का?' हा प्रश्न रोज विचारणं बंद कर. त्याऐवजी विचार : सांगितलेलं समजतं का, कोणाशेजारी बसतो, खेळताना हसतो का. उत्तरं बरी असतील तर वाट बघ. नसतील, किंवा वर्ष उलटलं तरी मिटलेलं तोंड तसंच राहिलं, तर बालरोगतज्ज्ञांशी बोल. तसंही आपल्या राज्यात, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, शाळेआधीची तपासणी चौथ्या-पाचव्या वर्षीच होते आणि त्यात भाषाही बघतात. तपासणीचं पत्र आलं तर घाबरू नकोस, सगळ्यांनाच येतं.

नवऱ्याच्या 'आराम कर'बद्दल मी सभ्य शब्दांत लिहायचा प्रयत्न करते. तो वाईट नाही. त्याला सकाळी आठला जायला जागा आहे आणि तिथे कोणीतरी त्याची वाट बघत असतं. तुझी वाट कचऱ्याचे डबे बघतात. माणूस आरामानं नाही दमत, पण असल्या आरामानं नक्की दमतं. तुझं निवासपत्र काढून त्यावर 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट' (कामाची मुभा आहे) छापलंय का बघ. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते, वेगळी परवानगी मागावी लागत नाही. 'आर्किटेक्ट' ही पदवी मात्र इथे राखीव आहे. राज्याच्या आर्किटेक्ट मंडळाच्या यादीत नाव असल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही. पण कचेरीत ड्रॉइंगच्या टेबलावर बसायला ती लागत नाही. नव्यानं आलेल्यांसाठीच्या इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे 600 तास असतात आणि वर देशाच्या ओळखीचे 100. त्यासाठी अर्ज कर, आणि वेळ सकाळची घे. मुलाला कितात सोडून परस्पर वर्गाला जायचं, घरी परतायचंच नाही. मुलगा आजारी पडला तर पहिली सुट्टी कोणी घ्यायची हे नवऱ्याशी आत्ताच ठरव, ताप आल्यावर नाही.

आणि या शनिवारी जिना पुसून झाला की एकटी बाहेर पड. माइलेंडर प्लाट्सवरचं शहर वाचनालय पाहिलंस का? 2011 साली उघडलेला तो चौकोनी ठोकळा, चार भिंतींवर चार भाषांत 'वाचनालय' लिहिलेला. बाहेरून मला तुरुंगच वाटला होता, आत गेल्यावर सगळं पांढरं आणि मधोमध वरून उजेड येणारी पोकळी. आराखडा कोरियात जन्मलेल्या उन यंग यी यांचा. दुसऱ्या शनिवारी वाइसनहोफला जा. 1927 ची वसाहत, वास्तुकार मीस व्हॅन डर रोह यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली. ल कॉर्बुझिए यांची तिथली दोन घरं 2016 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि त्याच एका नोंदीत चंडीगडचं कॅपिटल कॉम्प्लेक्स आहे. तू हे कॉलेजात शिकलेली असणार. आठ महिने त्याच गावात राहून तू अजून तिथे गेलेली नसशील, असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर कळव.

प्रश्न : मी म्युनिकला असतो. मुलगी दुसरीत आहे. डिसेंबरात सख्ख्या भावाचं लग्न आहे आणि सुट्टी लागायच्या चार दिवस आधी निघावं लागेल. इथले मित्र सांगतात, सरळ 'आजारी आहे' म्हणून कळवा. चालेल का?

उत्तर : नाही. इथे शाळेची सक्ती कायद्यानं आहे आणि दंड होतो. 2018 साली तुमच्याच राज्यात, मेमिंगनच्या विमानतळावर, सुट्टीआधी निघालेल्या कुटुंबांची पोलिसांनी विचारपूस केली होती. शिवाय मुलगी परत येईल ती कोपरापर्यंत मेंदी घेऊन, आणि वर्गात पहिल्याच तासाला हत्तीवरच्या नवरदेवाची गोष्ट सांगेल. मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी अर्ज द्या, लग्नपत्रिकेची प्रत आणि खाली दोन ओळी जर्मनमध्ये. सख्ख्या भावाचं लग्न हे कारण बहुधा मानतात. तिकीट स्वस्त मिळतंय हे कारण मात्र अर्जात चुकूनही लिहू नका.

प्रश्न : रविवारी सकाळी मिक्सर लावला तर खरंच तक्रार होते का?

उत्तर : होते. रविवार इथे शांततेचा दिवस. चटणी शनिवारी वाटा. पाटा-वरवंटा आणलाय म्हणून खूश होऊ नका, तो खालच्यांना जास्त ऐकू येतो.