वाचकांचे प्रश्न : माणूस पगारावर घ्यावा की काम ठेक्यानं द्यावं?

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत आमचं शीटमेटलचं वर्कशॉप आहे. दुचाकीला लागणारे ब्रॅकेट वेल्डिंग करून मोठ्या व्हेंडरला देतो. पगारावर 17 माणसं आहेत. काम वाढलंय, आणखी चार वेल्डर लागतील. ओळखीचे लोक सांगतात, त्यांना पगारावर घेऊ नका. नगावर रेट ठरवा, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, म्हणजे माणसं वीसच्या आत राहतील आणि पीएफ लागणार नाही. मशीन, वायर, गॅस सगळं आमचंच राहील. असं करावं का?

उत्तर : असं करू नका. स्टॅम्पपेपरवर काय लिहिलंय हे तपासणी अधिकारी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ते असं : माणूस कुणाच्या शेडमध्ये उभा आहे, मशीन कुणाचं, किती वाजता यायचं हे कोण सांगतं, काम बिघडलं तर ‘परत कर’ म्हणण्याचा हक्क कुणाला आणि तोटा कुणाचा. तुमच्या चारही वेल्डरांच्या बाबतीत उत्तर ‘मालक’ असंच येतं. नगावर मजुरी दिल्यानं त्यात फरक पडत नाही. 1973 साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका टेलरिंग दुकानाचं प्रकरण आलं होतं. शिंप्यांना मजुरी कपड्यावर, येण्याजाण्याची वेळही सैल. पण मशीन दुकानाचं आणि नापसंत काम उसवून परत शिवायला लावण्याचा हक्क मालकाचा. शिंपी नोकर ठरले. पुढे 1985 मध्ये घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही पीएफ लागू धरला गेला.

दुसरं म्हणजे पीएफसाठी वीस मोजताना ठेकेदारामार्फत आलेली माणसंही मोजतात. 17 आणि 4 म्हणजे 21. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) तर 10 माणसांवरच लागू होतं, म्हणजे तुम्हाला ते आजच लागू आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता आल्या, तरी पीएफचा 20 आणि ईएसआयचा 10 हा आकडा तोच आहे.

चौकशी दोन-तीन वर्षांनी लागली की मागची सगळी रक्कम निघते, त्यावर 12 टक्के व्याज आणि दंड वेगळा. त्यातली बोचणारी गोष्ट ही, की जुन्या महिन्यांचा कामगाराचा हिस्सा नंतर त्याच्या पगारातून कापता येत नाही. दोन्ही हिस्से मालकाच्या खिशातून जातात.

मग ठेक्याला जागा कुठे? ज्याची स्वतःची शेड आहे, स्वतःचं मशीन आहे, जो आणखी दोन-तीन वर्कशॉपचं काम करतो आणि स्वतःच्या नावानं बिल फाडतो, त्याला जॉबवर्क (आपला माल देऊन नगावर काम करून घेणं) द्या. तो खरा ठेकेदार. परवडतं की नाही हे मात्र हिशेबानं ठरवा. उदाहरणादाखल एक मांडणी देतो, तुमचे आकडे घालून बघा.

वेल्डरचा पगार 18,000, त्यात बेसिक 15,000. पीएफ प्रशासकीय शुल्कासह 13 टक्के म्हणजे 1,950. ईएसआय 3.25 टक्के, 585. बोनस 8.33 टक्क्यांनी महिन्याला 1,250 धरा, ग्रॅच्युइटीची तरतूद 720, भरपगारी रजेचे 865. बेरीज साधारण 23,370. बरेच मालक 18,000 धरूनच तुलना करतात आणि तिथंच फसतात.

एक वेल्डर दिवसाला 32 नग काढतो असं धरू. 26 दिवस पुरेसं काम असेल तर मजुरी नगाला 28 रुपये, वायर-गॅस-विजेचे 11, एकूण 39. बाहेरचा जॉबवर्कवाला सगळं धरून 45 मागत असेल, तर तो महाग. पण काम महिन्यात 14 दिवसांचंच असेल, तर तुमचा नग 63 रुपयांना पडतो आणि 45 वाला स्वस्त. बरोबरी साधते 687 नगांना, म्हणजे साडेएकवीस दिवसांच्या कामाला. थोडक्यात, महिन्यात 22 दिवसांचं काम वर्षभर टिकेल अशी ऑर्डर हातात असेल तर माणूस पगारावर घ्या. व्हेंडरचं शेड्यूल दर महिन्याला खालीवर होत असेल तर वरचं काम बाहेर द्या. चारांपैकी दोन पगारावर आणि बाकीचं काम बाहेर, हाही मार्ग आहे. मात्र 19 वर थांबण्यासाठी नव्हे, काम तसं असेल तरच.

बाहेर द्यायचं ठरलं तर माल डिलिव्हरी चलनावरच (मालासोबतच्या पावतीवर) पाठवा. चलनावर नग, वजन, प्रक्रिया आणि तारीख हवी. जीएसटीत पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. जिग-फिक्स्चरला (वेल्डिंग करताना नग धरून ठेवणाऱ्या साच्यांना) ही मुदत नाही, पण त्यांचीही चलनावर नोंद ठेवा. जॉबवर्कवाल्याशी बिनसलं की पहिल्यांदा जिगच अडकते. आयटीसी-04 (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं जीएसटी विवरणपत्र) भरायला विसरू नका : उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक.

करारात पहिल्या नमुन्याची मंजुरी, रिजेक्शनची मर्यादा आणि पत्रा वाया गेला तर त्याची किंमत कोण भरणार, हे तीन मुद्दे हवेतच. रिवर्क (बिघडलेल्या नगाची दुरुस्ती) त्याच्याच शेडमध्ये करून घ्या. ‘एवढं तर आमच्याच वेल्डरकडून करून घेऊ’ म्हणून सुरू झालेली सवय नगामागे दोन-तीन रुपये खाते आणि हिशेबात कुठंच दिसत नाही. सोयाबीनच्या काढणीला आणि दिवाळीत त्याचीही माणसं गावी जातात, तेव्हा आठवड्याभराचा तयार माल आधी काढून ठेवा.

पैसे वेळेवर द्या, आणि हे सौजन्यापुरतं नाही. जॉबवर्कवाल्याकडे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15 दिवस. ती मुदत उलटली की तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच प्राप्तिकरात धरला जातो. 31 मार्चला थकबाकी राहिली तर कर तुम्ही भरून बसता. टीडीएस (बिल देतानाच कापून भरायचा प्राप्तिकर) व्यक्तीला 1 टक्का, कंपनी किंवा भागीदारीला 2 टक्के. एक बिल 30,000 च्या वर किंवा वर्षाची बेरीज 1 लाखाच्या वर गेली की कापायचा. वर्कशॉप तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल तर मागच्या वर्षी उलाढाल 1 कोटीच्या वर असली तरच ही जबाबदारी येते.

प्रश्न : लातूरला आमची डाळमिल आहे. गाडी भरण्या-उतरवण्याला मुकादम टोळी आणतो, आम्ही क्विंटलमागे ठरलेली हमाली त्याच्या हातात रोख देतो. माणसं रोज वेगळी असतात. आमचा त्यांच्याशी संबंध नाही असं धरायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. हमालीच्या कामाला महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे. ज्या भागात आणि ज्या धंद्याला तो लागू आहे तिथं मालकानं माथाडी मंडळाकडे नोंदणी करायची, टोळीचीही नोंदणी व्हायची, आणि मजुरी अधिक मंडळानं ठरवलेली लेव्ही (मजुरीवरचा जादा आकार) मंडळाकडे भरायची. कामगाराला पैसे मंडळामार्फत मिळतात. पीएफ, बोनस, रजा त्या लेव्हीतून निघतात. तुमच्या जिल्ह्यातल्या मंडळाच्या कार्यालयात जाऊन डाळमिलला काय लागू आहे ते लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका.

रोखीचा खरा धोका अपघाताच्या दिवशी कळतो. थप्पीवरून पोतं अंगावर आलं, मुकादम गायब झाला, तर नुकसानभरपाई मिलमालकाकडून मागता येते. मालकानं ती नंतर मुकादमाकडून वसूल करावी, असा कायदा आहे. मुकादमाच्या नावावर वसूल करण्याजोगं काही असतं का, हे तुम्हीच ठरवा. मंडळाची सोय होईपर्यंत निदान रोजचं हजेरीपुस्तक ठेवा : नाव, आधारप्रमाणे वय, भरलेले क्विंटल, दिलेली रक्कम, सही किंवा अंगठा. पैसे मुकादमाच्या हातात न देता ज्याच्या-त्याच्या खात्यात टाका.

प्रश्न : जालन्यात बियाण्यांची डीलरशिप आहे. मे ते ऑगस्ट गावोगाव फिरायला चार पोरं हवीत. कमिशनवर ठेवावीत की पगारावर? रोज सकाळी कुठं जायचं ते आम्हीच सांगू, पेट्रोल देऊ, व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवू.

उत्तर : रूट तुम्ही ठरवणार, पेट्रोल तुमचं, लोकेशन रोज मागवणार, तर ती नोकरीच झाली. चार महिन्यांचं मुदतीचं नेमणूकपत्र द्या, त्यात सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख लिहा. मुदत संपली की नेमणूक आपोआप संपते, काढून टाकल्याचा वाद उरत नाही. मुदतीच्या नेमणुकीत ग्रॅच्युइटी एक वर्ष पूर्ण झाल्यावरच लागते, त्यामुळे हंगामी माणसाचा तो बोजा नाही. पगारावर विक्रीचा इन्सेंटिव्ह ठेवायला अडचण नाही.

कमिशन एजंटच हवा असेल तर वेळ त्याची, रूट त्याचा, दुसऱ्या दुकानाचं काम करायची मोकळीक, आणि पैसे फक्त झालेल्या विक्रीवर. वर्षाचं कमिशन 20,000 च्या वर गेलं तर 2 टक्के टीडीएस. एकट्या मालकाला वर सांगितलेली 1 कोटीची अट इथंही आहे. बियाणं विकायला परवाना लागतो आणि तो तुमच्या नावावर आहे, एजंटच्या नाही. त्यानं फक्त मागणी नोंदवावी. बिल तुमच्या दुकानातून, लॉट नंबरसह फाटलं पाहिजे. पिशव्या त्याच्या घरी ठेवू नका. उधारी द्यायचा अधिकार त्याला असेल तर गावागणिक मर्यादा लेखी ठरवा, आणि कमिशन पिशवी गेल्यावर न देता वसुली आल्यावर द्या.