मृताला कळतं का? ज्यू धर्मातल्या आत्म्याविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : नेफेश, रुआख आणि नेशामा हे तीन वेगळे आत्मे आहेत का?

मुळात नाहीत. हिब्रू बायबलात नेफेश म्हणजे जीव, तोही रक्तामांसाचा. 'शरीराचा जीव रक्तात असतो' असं लेवीय १७:११ सांगतं. रुआख म्हणजे वारा, नेशामा म्हणजे श्वास. उत्पत्ती २:७ मध्ये देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत नेशामा फुंकतो आणि माणूस 'जिवंत नेफेश' होतो. तिथे माणसाला नेफेश मिळत नाही, माणूसच नेफेश होतो. एकावर एक चढत जाणारे आत्म्याचे स्तर ही मांडणी मुख्यतः मध्ययुगीन काब्बालाची, म्हणजे ज्यू गूढविद्येची. तिन्ही शब्दांना सरसकट 'आत्मा' म्हटलं की हा फरक बुजतो.

प्रश्न : आपल्याभोवती काय चाललंय हे मृताला कळतं, असं ज्यू मानतात का?

तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात (बेराखोत १८) यावर सुरेख वाद आहे. रब्बी हिय्या आणि रब्बी योनातान दफनभूमीतून चाललेत. योनातानच्या वस्त्राचे त्सीत्सीत, म्हणजे आज्ञांची आठवण देणारे गोंडे, थडग्यांवरून घासत जातात. हिय्या म्हणतो, वर उचल. उद्या आपल्याकडे येणारे आज आपल्याला हिणवताहेत, असं हे मृत म्हणतील. योनातान बायबलातल्या 'उपदेशक' ग्रंथाचं वचन (९:५) पुढे करतो : 'मेलेल्यांस तर काहीच कळत नाही.' बरीच चर्चा झाल्यावर तो माघार घेतो.

वाद मतांचा राहिला, वागणं मात्र ठरून गेलं. मृतापासून चार अम्मांच्या, म्हणजे सुमारे दोन मीटरच्या आत तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या, शास्त्रवचनं ठेवलेल्या चामडी डब्या) बांधत नाहीत, त्सीत्सीत उघडे ठेवत नाहीत. आज्ञा पाळणं आता ज्याला शक्य नाही त्याला ते टोचेल म्हणून. ताहारा, म्हणजे मृताच्या शुद्धिस्नानात नऊ काव (प्रचलित हिशेबात सुमारे २३ लिटर) पाणी अखंड धारेनं ओततात. पहिलं भांडं रितं होण्याआधीच दुसऱ्याची धार सुरू व्हायला हवी. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. देह पालथा करत नाहीत, त्याच्यावरून वस्तू इकडून तिकडे देत नाहीत. काही कमी-जास्त झालं असेल तर मृताचं नाव घेऊन क्षमा मागतात. ऐकणारं कुणी आहे असं धरूनच हे सगळं चालतं, आणि आमच्या मते ज्यू श्रद्धा ग्रंथांपेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसते.

प्रश्न : वडिलांसाठी कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणणारा माझा ज्यू सहकारी अकरा महिन्यांनी थांबला. वर्ष का पुरं केलं नाही?

वडिलांच्या मानासाठी. तालमुदाचा पाया असलेल्या मिश्ना या संहितेत रब्बी अकिवाचं मत आहे की दुष्टांची गेहिन्नोममधली, म्हणजे नरकातली शिक्षा बारा महिन्यांची. पूर्ण बारा महिने कद्दिश म्हणणं म्हणजे बापाला ती पूर्ण शिक्षा आहे असं मानून दुष्ट ठरवणं. सोळाव्या शतकात क्राकोच्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी अकरा महिन्यांची ही रीत नोंदवली. (कित्येक सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यू समाजांत आठवडाभर खंड पाडून पुन्हा बाराव्या महिन्याअखेरपर्यंत म्हणतात.)

चूक होते ती ज्यू पंचांगातल्या अधिक महिन्याच्या वर्षात. (तिश्री, हेश्वान, किस्लेव हे त्यातले लागोपाठचे महिने.) मृत्युदिनापासून मोजणाऱ्यांत १० किस्लेवला मृत्यू झाला तर साध्या वर्षी शेवटचं कद्दिश ९ हेश्वानला येतं. पण मध्ये दुसरा अदार, म्हणजे अधिक महिना आला तर ९ तिश्रीलाच थांबायचं. महिन्याचं नाव बघून हेश्वानपर्यंत ओढलं की बारा महिने भरतात आणि मूळ हेतूच जातो. सूर्यास्तानंतर झालेला मृत्यू पुढच्या तिथीत धरायचा, हेही विसरलं जातं.

प्रश्न : पुनर्जन्म मानतात का?

एकमत नाही. दहाव्या शतकात धर्मपंडित साआदिया गाओन यांनी तो साफ नाकारला. सोळाव्या शतकात गालिलातल्या सफेद गावी काब्बालाचे गुरू इसहाक लुरिया यांनी गिल्गुल, म्हणजे आत्म्याचं फिरून येणं, शिकवणीच्या मध्यभागी आणलं. आपल्याकडच्या मोक्षाशी त्याची गल्लत करू नये. आत्मा येतो तो राहिलेल्या आज्ञा पुऱ्या करायला, आणि शेवटी मृतांचं सदेह उठणं आहेच. मग अनेक देहांत राहिलेला आत्मा कोणत्या देहात उठणार? लुरियांच्या परंपरेचं उत्तर असं : ज्या देहात आत्म्याचा जेवढा अंश सुधारला, तेवढा अंश त्या देहाचा.