‘सवय झालीय मला’ : अपुऱ्या झोपेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा आहे, नीटची तयारी करतोय. रात्री 1 ला झोपतो, 6 ला उठतो. ‘पाच तास पुरतात, सवय झालीय मला,’ म्हणतो. अशी सवय खरंच होते का?
– एक पालक, लातूर

उत्तर : नाही. झोप आल्यासारखं वाटणं कमी होतं, डोक्याचं काम मात्र बिघडतच राहतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. निरोगी प्रौढांना 14 दिवस रोज 4, 6 किंवा 8 तासच झोपू दिलं होतं. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, एवढीच चाचणी. 6 तास झोपणाऱ्यांच्या चुका दिवसागणिक वाढल्या आणि दोन आठवड्यांअखेर सबंध रात्र जागलेल्या माणसाइतक्या झाल्या. पण ‘झोप किती येतेय?’ असं विचारल्यावर त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. तुमचा मुलगा खोटं बोलत नाही. त्याला जाणवत नाही, एवढंच. त्यात या वयाला 8 ते 10 तास झोप लागते.

वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, आणि अर्धवट झोपलेला मेंदू दुसऱ्या दिवशी नवीन माहितीही नीट नोंदवून घेत नाही. म्हणजे रात्री जागून मिळवलेले दोन तास दोन्हीकडून वजा होतात.

वाद घालण्यापेक्षा त्याच्या शेवटच्या चार-पाच सराव परीक्षा काढा. चुकांचे दोन गट करा : ‘येतच नव्हतं’ आणि ‘येत असून चुकलं’. ‘अयोग्य विधान कोणते?’ हे ‘योग्य’ असं वाचलं, उणे चिन्ह सुटलं, आकडा उतरवताना 6 चा 9 झाला, उत्तर बरोबर पण गोल भलताच काळा केला. हा दुसरा गट मोठा असेल, विशेषतः पेपरच्या शेवटच्या तासात, तर आणखी अभ्यासाने तो कमी होणार नाही. नीटची परीक्षा दुपारी 2 ला सुरू होते. पेंग येण्याची वेळ तीच.

उठण्याची वेळ साडेसहा ठरवा, रविवारीही तीच. झोपण्याची वेळ दर तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा. महिनाभरात तो साडेदहाला झोपू लागेल. एकदम अडीच तास अलीकडे आणली तर तो अंथरुणात नुसता तळमळत पडेल आणि चौथ्या दिवशी सोडून देईल. चहा-कॉफी दुपारी 4 नंतर बंद, कारण पाचेक तासांनंतरही निम्मं कॅफिन शरीरात शिल्लक असतं. दुपारी 3 च्या आत 20 मिनिटांची डुलकी चालेल. त्याहून लांबली तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं.

प्रश्न : आठवडाभराची झोप रविवारी भरून निघते का?
– वाचक, ठाणे

उत्तर : थोडीफार. एक लांब रात्र मिळाली की तरतरी येते, पण आठवडाभर घसरलेली एकाग्रता एका रात्रीत पूर्ण जागेवर येत नाही. शिवाय रविवारी 10 ला उठलात तर रात्री झोप लवकर लागणार नाही आणि सोमवार पुन्हा तुटीनेच सुरू होईल. नेहमीपेक्षा तासभर उशिरा उठा. बाकीची झोप शनिवारी लवकर झोपून मिळवा.

प्रश्न : ऑफिस करून रात्री 10 ला नागपूरहून निघतो, समृद्धीने पहाटे मुंबई. काचा खाली, गाणी मोठ्याने. एवढं पुरतं का?
– वाचक, नागपूर

उत्तर : नाही, आणि कृपया हे थांबवा. सलग 17 तास जागं राहिलं की प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 आहे. सकाळी 6 ला उठला असाल तर रात्री 11 लाच, म्हणजे नागपूर सोडून तासभर होतो तेव्हाच, तुम्ही त्या अवस्थेत असता; आणि सगळ्यात धोक्याची वेळ, 2 ते 6, अजून पुढेच असते.

डुलकी काही सेकंदांची असते आणि डोळे उघडे असतानाही लागते. ताशी 120 च्या वेगाने गाडी सेकंदाला 33 मीटर जाते. चार सेकंदांत 130 मीटर. गार वारा आणि गाण्यांचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, पाटी वाचायची राहिली, मान झटक्याने वर आली, यातलं एकही झालं की पुढच्या पेट्रोल पंपावर थांबा. रस्त्याच्या कडेला नको, तिथे मागून धडक बसते. कॉफी पिऊन लगेच 15-20 मिनिटं झोपा. कॅफिन चढायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर तोंड धुऊन दहा मिनिटं चाला, मगच चावी फिरवा. याने तास-दोन तास मिळतात, सबंध रात्र नाही. म्हणून रात्री घरीच झोपा आणि सकाळी 6 नंतर निघा.

प्रश्न : बाळ सहा आठवड्यांचं आहे, मी माहेरी आहे. झोप तुकड्यातुकड्यांत. क्षुल्लक कारणावरून आईवर ओरडते, मग रडते. मी आई म्हणून कमी पडतेय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नाही. मेंदूत भीती आणि राग पेटवणारा एक छोटा भाग असतो, त्याला पुढचा मेंदू आवर घालतो. झोप तुटली की हा आवर ढिला पडतो. त्यामुळे एरवी सोडून दिलं असतं, त्यावर भडका उडतो.

तुम्हाला सलग चार-पाच तास हवेत. तुकड्यांची बेरीज तेवढं काम करत नाही. रात्री 9 ला बाळाला पाजा, काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या खोलीत झोपा. मधलं एक पाजणं आई किंवा बाळाचे बाबा वाटी-चमच्याने करतील. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागू देऊ नका, तिथे बाळ गुदमरण्याचा धोका असतो.

आता एक गोष्ट नीट पाहा. बाळ दुसऱ्याकडे आहे, खोली शांत आहे, तरी झोप येत नाही. किंवा उदासी आणि रडू दोन आठवड्यांहून जास्त टिकलंय. असं असेल तर हा नुसता जागरणाचा परिणाम नाही, बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि ते उपचारांनी बरं होतं. डॉक्टरांना भेटाच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. आणि हे आईलाही वाचायला द्या : झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, भरभर बोलणं, नसलेले आवाज ऐकू येणं, घरच्यांवर संशय, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा.