घराबाहेरचे दिवे, बागेचं ठिबक आणि कारंजं मोबाईलवरून चालवायचं आहे. नियोजन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की परभणीत नवं घर होतंय, पुढंमागं मिळून दोन गुंठे मोकळी जागा आहे, माती काळी आहे, आणि दिवे, ठिबक, एक कारंजं असं सगळं आपोआप चालवायचंय; कुठली सिस्टीम घ्यावी, खर्च किती येईल. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. 'माती काळी' एवढे दोन शब्द वाचले म्हणून लिहायला बसलो.

मी लातूरचा. २०१९ च्या मे महिन्यात माझ्या बागेनं एका रात्रीत हौद रिकामा केला, आणि त्याचं खापर आजही प्रत्येक लग्नकार्यात मोबाईलवर फुटतं. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते तुमच्या कामाचं आहे.

साठ झाडं होती. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, बाकी किरकोळ. प्रत्येकाला चार लिटरचे दोन ड्रिपर. जमिनीतला हौद पाच हजार लिटरचा, त्यावर अर्ध्या एचपीची मोटर. मातीत ओल मोजणारा सेन्सर खोचला, एक वायफायचं बोर्ड, त्याच्या इशाऱ्यावर चालणारा लहान स्विच म्हणजे रिले, आणि मोटरचा लोड पेलणारा मोठा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर. हिशोब सोपा: ओल कमी झाली की मोटर चालू, ओल आली की बंद. मार्चभर असं झकास चाललं की घरी आलेल्याला पाणी विचारायच्या आधी मी मोबाईल दाखवायचो.

मे महिन्यात भाचीचं केळवण आमच्याकडं. अक्का, दाजी, त्यांच्याकडची मंडळी धरून पंचवीसेक माणसं मुक्कामाला. आदल्या संध्याकाळी टँकर बोलावून हौद काठोकाठ भरून घेतलेला. रात्री सगळे कूलर लावून झोपले. एरवी उन्हाळ्यात रात्री एकदा तरी लाईट जाते. त्या रात्री नेमकी गेली नाही.

दाजी पहाटे उठणारे. साडेपाचला बादली घेऊन हौदाकडं गेले, झाकण काढलं आणि तसेच उभे राहिले. मोटर कोरडी घुमत होती. कूलरच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. एकशेवीस ड्रिपर, तासाला ४८० लिटर. साडेनऊपासून आठ तास धरा, ३८४० लिटर. उरलेलं पाहुण्यांच्या जेवणाखाण्यात गेलेलं. दाजी ओरडले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "लेका, तुझ्या मोबाईलनं पाणी पिलं की रे सगळं."

आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला. १२ एप्रिलला पहिली गाडी लागली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. आईनं त्या उन्हाळ्यात घागरीला नंबर लावलेत. भाजी धुतलेलं पाणी आजही ती तुळशीला घालते. तिच्यासमोर एका रात्रीत चार हजार लिटर.

दुपारी दुसरा टँकर आला, केळवण झालं, पाहुणे गेले. तिसऱ्या दिवशी मी सेन्सरजवळ उकिडवा बसलो तर तो भेगेत लोंबत होता. काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. ते माझ्या डोक्यात आलं नाही. सेन्सरच्या एका अंगाला माती, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. ड्रिपरचं पाणी भेगेतून सरळ खाली जात होतं आणि सेन्सर रात्रभर सांगत होता, कोरडं आहे, कोरडं आहे. मोबाईल बिचारा चार्जिंगला पडलेला.

म्हणजे चूक माझीच. पण ती सेन्सरच्या हातात मोटर देण्याची चूक. मोटर चालू कधी व्हायची ते घड्याळानं ठरवावं, किती वेळ चालायची तेही घड्याळानंच. सेन्सरला फक्त 'आज नको' एवढंच म्हणता आलं पाहिजे. पाऊस पडलाय, माती ओली आहे, आजची पाळी चुकव, बस. माझ्याकडं आता पहाटे पाचला वीस मिनिटं, मेमध्ये अर्धा तास. आणि इंटरनेटवरच्या टायमरवर विसंबू नका. पॅनेलमध्ये वेगळा साधा टायमर घाला, जो काही झालं तरी पाऊण तासानं मोटर तोडेल. हौदात पाण्याच्या पातळीवर चालणारा फ्लोट स्विच आणि मोटरला ड्राय रन संरक्षण, म्हणजे पाणी संपलं की मोटर बंद करणारं, हे तर बांधकामातच धरा. मोटरचं सील जळून परत सगळं भरण्यापेक्षा स्वस्त पडतं.

अजून एक. रिले घेताना लाईट गेली आणि परत आली तर तो कुठल्या अवस्थेत येतो ते विचारून घ्या. मोटरचा बंद अवस्थेतच आला पाहिजे. फाटकाच्या दिव्याचा चालू आला तर बरं.

यावर दाजींचं म्हणणं, मुळात आपोआप कशाला, माणसानं उठून बटन दाबावं. हे कोण म्हणतंय? ज्यांच्या शेतातल्या मोटरच्या स्टार्टरला पंधरा वर्षं 'ऑटो' आहे ते. लाईट आली की मोटर आपोआप चालू, मालक घरी घोरतोय. लाईन आली की गावातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो, म्हणून महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटो काढा. दाजींची मोटर बोअर आटल्यावर दोनदा जळाली. ते ऑटोमेशन नव्हतं का? तेव्हा स्टार्टरनं पाणी पिलं असं कुणी म्हणालं नाही. माझ्याकडं मोबाईल होता म्हणून खूळ, त्यांच्याकडं स्टार्टर म्हणून शेती. असो.

दिव्यांचं. पाईप आत्ताच टाका, फरशी व्हायच्या आधी. काळ्या मातीत नुसता चर खोदून पाईप पुरला की दोन पावसाळ्यांत जोड निखळतात, कारण तीच माती पावसात फुगते. चरात खाली-वर मुरूम भरा, आणि दिव्याचे खांब काँक्रीटच्या पायावर घ्या, नाहीतर ते हळूहळू वाकून नमस्कार करायला लागतात. एक जास्तीचा रिकामा पाईप दोरी घालून सोडा. बाहेरच्या लाईनला ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, याला पर्याय नाही.

झाडांमधले दिवे १२ व्होल्टचे घ्या म्हणतात. दोन गुंठ्यांत मी २४ घेईन. हिशोब करा: १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरनं ३० मीटर गेलात तर साडेतीन व्होल्ट वाटेतच जातात, शेवटचा दिवा मिणमिणतो. २४ वर तोच लोड अडीच अँपिअर, तूट निम्मी.

दिवे लावायची वेळ ठरलेली ठेवू नका. आपल्याकडं सूर्य नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास बुडतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातनंतर. सूर्यास्तावर चालणारा टायमर घ्या. माणूस आला की पेटणारे दिवे उन्हाळ्यात दगा देतात. ते अंगाची ऊब ओळखतात, आणि मेच्या संध्याकाळी आपल्या भिंती माणसाएवढ्याच गरम असतात.

रंग पिवळाच. मी आधी कडुनिंबाखाली पांढरा झगझगीत फोकस लावला होता. जूनमधला पहिला वळीव पडला आणि त्याच संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे. ते कडुनिंबाच्या पाल्यावर येतातच, त्यात मी त्यांना दिवा दाखवला. ओसरीवर जेवायला बसलेल्यांच्या ताटात टपाटप. दाजी त्याही दिवशी होते. त्यांचं नशीब बघा, माझी प्रत्येक फजिती त्यांच्या हजेरीत.

कारंजं नको. बोअरचं क्षाराचं पाणी, महिन्याभरात तोट्यांवर पांढरे खडे धरतात, पाणी साचलं की डास, आणि उन्हाळ्यात रोज वाफ होईल तेवढं भरत बसा. तेच क्षार ड्रिपरही बुजवतात, त्यामुळं फिल्टर आणि आम्लाची धुलाई हे मोबाईलवरून होणार नाही, हातानंच करायचंय.

थोडं मागं येतो. सेन्सरबद्दल मी जे बोललो ते भेगाळणाऱ्या मातीबद्दल. कुंड्या असतील किंवा भरावाची मुरमाड माती असेल तर सेन्सर बऱ्यापैकी खरं बोलतो. कारंज्याची घरच्यांना हौसच असेल तर तेच पाणी फिरवणारं लहानसं घ्या आणि संध्याकाळी तासभर चालवा. आणि २३० व्होल्टचं काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, मीही तेच केलं.

सगळ्याला आत स्वयंपाकघराजवळ साधी बटनं ठेवा. राउटर बंद पडला म्हणून आईला अंधारात तुळशीपुढं दिवा लावायला लागू नये. दाजी म्हणतात की हे त्यांचं ऐकून केलं. तसं नाही, वायरिंगच्या पहिल्या कागदावरच मी ती बटनं काढली होती. कागद अजून आहे माझ्याकडं.

खर्चाचं राहिलं. माझा हिशोब वहीत आहे, पण त्यात चर दोनदा खोदल्याची मजुरी, मोटरचं सील आणि दुपारी मागवलेला तो टँकर मिसळलाय, त्यामुळं तुम्हाला त्याचा उपयोग नाही.